नवे लाकूड, जुने टेबल

इंग्लंडमध्ये घडलेले ओकचे जुने टेबल दुरुस्त करून घरात वापरायला घेतले की दोन प्रश्न उभे राहतात आणि त्यांची उत्तरे सुताराकडे नसतात. ज्या टेबलावर परक्या घरातली माणसे दीड-दोनशे वर्षे जेवली, ते आपल्या घरात शुद्ध कशाने ठरते? आणि त्याचा एक पाय नवा बसवला, एक फळी बदलली, वरचा थर खरवडून काढला, तर उरते ते तेच टेबल की दुसरे? पहिला प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, दुसरा दर्शनांचा. दोन्हींचा खल भारतात फार पूर्वी झाला आहे. तो करताना शास्त्रकारांनी रथ, घडा, वस्त्र आणि लाकडी पळी अशा रोजच्या वस्तूच समोर ठेवल्या; त्यामुळे टेबलाचा विचार त्यांच्या चौकटीत बसवायला फारशी ओढाताण करावी लागत नाही.

मुळशी तालुक्यात हा प्रश्न अगदीच पुस्तकी नाही. पिरंगुट-पौडपासून ताम्हिणीपर्यंत आणि धरणाच्या काठाने गेल्या काही दशकांत पुण्या-मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. तिथे जुने फर्निचर हौसेने आणले जाते: कधी मुंबईच्या चोर बाजारातून, कधी पुण्याच्या जुन्या बाजारातून, कधी परदेशातून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानातून. खरे इंग्लिश ओक त्यात क्वचितच सापडते. इंग्रजांनी हिंदुस्थानात वापरलेले बहुतेक फर्निचर इथल्याच कारागिरांनी साग आणि शिसवीत केले होते, आणि ते शहाणपणाचे होते. ओकमध्ये टॅनिन भरपूर असते. ते लोखंडी खिळ्याला खाते आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळेनिळे पडते. सागातले तेल उलट लोखंडाला जपते. जहाजबांधणीत हा फरक आधीच कळून चुकला होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आज दुरुस्त होऊन इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे.

ओकचे टेबल मुळशीत आले की पहिली परीक्षा पाऊस घेतो. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर कुणाला नवल वाटत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये तीच हवा कोरडी ठाक होते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. हाताएवढ्या-दोन हातांएवढ्या रुंदीच्या फळीत हा फरक सेंटिमीटरभर सहज होतो. म्हणून उन्हाळ्यात फळीला पडलेली भेग लगेच लांबी (पुट्टी) भरून बुजवणे ही चूक ठरते: पावसाळ्यात फळी फुगते, मध्ये घट्ट झालेली लांबी तिला जागा देत नाही आणि दुसरीकडे नवी भेग पडते. जुन्या इंग्रज सुतारांना हे ठाऊक होते. त्यांनी आडव्या पट्टीची जीभ पायाच्या खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकली. दोन्हींतली भोके मुद्दाम किंचित हुकवलेली, म्हणजे खुंटी जाताना सांधा ओढून घट्ट व्हावा. खिळा नाही, स्क्रू नाही. अशा टेबलाखाली वाकून पाहिले तर खुंटीचे टोक पृष्ठभागातून नखभर वर आलेले हाताला लागते, कारण भोवतालचे लाकूड आकसले आणि खुंटी लांबीत तेवढीच राहिली. गोल टेबल दोन दिशांनी मोजले तर ते गोल नसते. रेषांच्या आडव्या दिशेने थोडे कमी भरते. पायांना जोडणाऱ्या खालच्या पट्ट्यांवर मधोमध झीज असते, जिथे जेवणाऱ्यांनी पाय टेकवले. वस्तूचे वय अशा खुणांत साठलेले असते. पुढची सगळी चर्चा या खुणांची आहे.

शुद्धीचा प्रश्न पुण्याला अपरिचित नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींसमोर ख्रिस्ती पाद्र्यांनी चहा-बिस्किटे ठेवली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात फोडली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांकडे तक्रार गेली, पंच नेमले गेले आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. त्या वादात चहाचा पेला, तो देणारा आणि घेणारा या तिघांची झडती झाली. ज्या टेबलावर पेला होता त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही. हे वरवर विचित्र वाटले तरी शास्त्राला धरूनच होते, कारण धर्मशास्त्रात अन्नाचा विटाळ वेगळा आणि द्रव्याची अशुद्धी वेगळी.

द्रव्यशुद्धीचे प्रकरण स्मृतींमध्ये मोठे आहे, आणि पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्याचा विस्ताराने विचार आहे. स्मृतींची रीत सरळ आहे: जसे द्रव्य तशी शुद्धी. धातूचे भांडे राखेने, आंबट पदार्थाने आणि पाण्याने शुद्ध होते. मातीचे पुन्हा भाजल्यावर. लाकडासाठी मनु आणि याज्ञवल्क्य दोघेही एकच उपाय सांगतात: तासणे. वरचा थर काढला की आतले लाकूड शुद्ध. धर्मशास्त्राचा लाकडाकडे पाहण्याचा दृष्टिकोन इथे सुताराच्या रंध्यासारखाच व्यवहारी आहे; दोष जिथे लागला तिथून तो खरवडून काढावा, आतपर्यंत तो गेलेलाच नाही.

आधुनिक संवर्धकाला मात्र नेमके हेच करायचे नसते. जुन्या टेबलाचा वरचा केसभर जाडीचा थर म्हणजे मेण, धूळ, हातांचे तेल आणि हवेने काळवंडलेले लाकूड यांचे एकजीव झालेले मिश्रण. तो पॉलिश पेपरने काढला की खालून पिवळट, कोवळे दिसणारे ओक निघते आणि वय एका दुपारी पुसले जाते. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी लंडनमध्ये संस्था काढली, तेव्हा तिचे टोपणनावच मुळी ‘खरवडण्याविरुद्धची’ असे पडले. त्याच्याही आधी, १८४९ मध्ये, जॉन रस्किनने जीर्णोद्धाराच्या नावाखाली इमारत ‘पूर्ववत’ करणे हा खोटेपणा आहे असा हल्ला चढवला होता. स्मृती म्हणते तासा. मॉरिस म्हणतो हात लावू नका. पौडचा सुतार तिसरेच म्हणतो: ‘साहेब, मशीन मारून एकदम नवं करून देतो.’ त्याचे आणि मनूचे या बाबतीत जमते, हे त्याला ठाऊक नसते एवढेच.

हा तंटा दिसतो तितका टोकाचा नाही. स्मृतींनी तासणे हा एकमेव उपाय सांगितलेला नाही. यज्ञातल्या स्रुक्-स्रुवा या पळ्या लाकडीच असतात, तुपाने माखतात, आणि त्यांना मनु गरम पाणी सांगतो. यज्ञ चालू असताना पात्रे नुसत्या हाताने पुसली तरी चालतात. जी लाकडी वस्तू अखंड वापरात आहे, जी रोज धुतली-पुसली जाते, तिची शुद्धी त्या वापरातच होत राहते, आणि तासणे उरते ते खोलवर दोष लागलेल्या वस्तूसाठी. दोन नियमांमध्ये अशी श्रेणी लावली तर ज्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या मेण चढले, जे कोपऱ्यात सडलेले नाही आणि ज्याच्या वरच्या थराखाली कीड नाही, त्याला तासण्याचे शास्त्रीय कारण उरत नाही. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे. गरम पाणी तर लाखेच्या पॉलिशला घातकच. पेल्याखालची ओल आणि ऊब मिळूनही त्यावर पांढरे वलय उमटते. तासण्याचा हट्ट शुद्धीसाठी असतो असे अनेकदा सांगितले जाते, पण बहुतेक वेळा त्यामागे नव्याची आवड असते, आणि नव्याच्या आवडीला स्मृतीचा आधार देण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न, ‘तेच’पणाचा, यापेक्षा अवघड आहे. बौद्धांचे उत्तर सर्वांत प्रसिद्ध. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन हा भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो की तो ज्या रथातून आला तो रथ म्हणजे नक्की काय: आस, चाके, दांडी, की या सर्वांपलीकडचे काही? रथ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव ठरते. टेबलालाही हे लागू करता येते: पाय, पट्ट्या, फळ्या आणि खुंट्या, त्यांना व्यवहारात टेबल म्हणतात. मग पाय बदलला तर काही गमावले असे म्हणताच येत नाही, कारण गमावण्यासारखे ‘टेबल’ आधीच नव्हते. हे उत्तर मनाला मोकळे करते. पण फसवणूक आणि दुरुस्ती यांत फरक का करावा, हे त्यातून सहज निघत नाही.

न्याय-वैशेषिकांनी याच्या नेमके उलट मत मांडले, आणि सुताराच्या बाकावर ते सर्वांत जास्त उपयोगी पडते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, अवयवांहून वेगळे, खरेखुरे द्रव्य आहे. धागे एकत्र आले की वस्त्र नावाचे नवे द्रव्य जन्मते. पण त्यामुळेच त्यांना एक कडक निष्कर्ष स्वीकारावा लागला: वस्त्रातून एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. ‘हे तेच वस्त्र’ ही ओळख मग केवळ साम्यावर चालते. दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही आपण तिला तीच म्हणतो, तसे. या हिशेबाने टेबलाचा पाय बदलला त्या दिवशी एक टेबल संपले आणि दुसरे सुरू झाले. ऐकायला हे अतिरेकी वाटते. पण यात एक प्रामाणिकपणा आहे: दुरुस्ती करणाऱ्याने काहीतरी निर्माण केले आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, हे हा सिद्धान्त लपवू देत नाही. रथवाद्याला म्हणता येते की काहीच बदलले नाही. खंडपटवाद्याला तशी पळवाट नाही.

नैयायिक आणि वैशेषिक यांच्यात आणखी एक जुना वाद आहे, आणि तो पॉलिशच्या प्रश्नाशी विलक्षण जुळतो. कच्चा काळा घडा भट्टीत लाल होतो तेव्हा काय घडते? वैशेषिक म्हणतात, उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत विखरतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि पुन्हा नवा घडा जुळतो, हा ‘पीलुपाक’. नैयायिक म्हणतात, घडा तसाच राहतो, सच्छिद्र असल्यामुळे उष्णता आत शिरते आणि त्याचाच रंग बदलतो, हा ‘पिठरपाक’. ओकला काळसर करण्यासाठी सुतार ते अमोनियाच्या वाफेत ठेवत. वाफ आतल्या टॅनिनशी संयोग पावते आणि रंग लाकडाच्या आतपर्यंत उतरतो, वरून चोपडलेल्या रंगासारखा तो बसत नाही. शंभर वर्षांच्या हवा-उजेडानेही काहीसे असेच होते. नैयायिकाच्या बाजूने पाहिले तर म्हातारपणाचा हा रंग टेबलाचाच गुण आहे. तो खरवडणे म्हणजे त्या टेबलाचा गुण काढून घेणे. वैशेषिकाला मात्र एवढी हळहळ करता येणार नाही. जाता जाता: अद्वैत वेदान्ताला या वादात फारसा रस नाही. माती खरी, घडा नाव, असे म्हटल्यावर भट्टीत काय होते याची चौकशी कशाला? त्यातून सांत्वन भरपूर मिळते, दुरुस्तीची दिशा मिळत नाही.

जैन आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’मध्ये घेतलेले उदाहरण इथे उपयोगी आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदी, आणि ज्याला नुसते सोने हवे होते तो मध्यस्थ. एकाच घटनेत उत्पत्ती, नाश आणि टिकणे ही तिन्ही आहेत, आणि तिन्ही खरी आहेत. टेबलाचा लडबडणारा पाय बदलला की जुन्या वस्तूंचा संग्राहक हळहळतो, घरातली आजी निर्धास्तपणे टेबलाला हात टेकते आणि लाकडाच्या व्यापाऱ्याला काहीच वाटत नाही. तिघांपैकी कुणी चुकत नाही. जैन भूमिकेचा फायदा असा की ती ‘तेच आहे का?’ या प्रश्नाला ‘कशाच्या अपेक्षेने?’ असा प्रतिप्रश्न जोडते.

तरी एक गोष्ट या सर्व दर्शनांतून थेट येत नाही; ती देवळांकडे पाहिल्यावर दिसते. हिंदू परंपरेत देवाच्या मूर्तीसाठी नवे लाकूड चालते. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवतात, आतला गुप्त ब्रह्मपदार्थ जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत नेतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्याच आवारात समाधी देतात. १९९६ आणि २०१५ मध्ये हा विधी झाला. अग्निपुराणाच्या जीर्णोद्धार प्रकरणात जीर्ण लाकडी मूर्ती अग्नीत द्यावी, दगडी पाण्यात सोडावी आणि त्याच द्रव्याची, त्याच मापाची नवी स्थापावी असे सांगितले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ आजही भिक्षुकांच्या हाताशी असतो. दुरुस्तीच्या काळात देवतेचे तत्त्व कलशात घेऊन ठेवण्याची रीत त्यांच्यात रूढ आहे. जपानमध्ये इसे इथले मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात उभारतात. या सगळ्यांत समान धागा असा: देवाचे ‘तेच’पण प्रतिष्ठेत आहे, आणि प्रतिष्ठा विधीने एका द्रव्यातून दुसऱ्यात नेता येते. लाकूड त्याचे आसन.

टेबलाला प्रतिष्ठा नाही. त्याच्यात काही आवाहन केलेले नसल्यामुळे त्याच्यातून काही काढून नव्या टेबलात ठेवता येत नाही. जुने टेबल हुबेहूब त्याच मापाचे, त्याच देशाच्या ओकचे पुन्हा केले तर ते उत्तम टेबल होईल, जुने होणार नाही. म्हणजे ज्याला आपण निर्जीव, लौकिक वस्तू म्हणतो ती आपल्या लाकडाला देवापेक्षा जास्त बांधलेली आहे. झीज, खुंट्या, काळवंडलेला रंग एवढेच तिचे भांडवल, आणि ते दुसरीकडे हलत नाही. जुन्या वस्तूंवरच्या आधुनिक भक्तीत द्रव्याला दिलेले हे महत्त्व आपल्या परंपरेला नवे आहे. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे जुने पुन्हा उभे करणे हीच रीत होती, आणि अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून घृष्णेश्वरापर्यंत जी देवळे उभारली ती कुणी खोटी मानत नाही. आता मात्र दोन दृष्टी एकाच गाभाऱ्यात भेटू लागल्या आहेत. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला झीज थांबवण्यासाठी वज्रलेप केला जातो. त्याच मंदिरात २०२४ च्या संवर्धनकामात नंतरच्या काळात चढवलेले थर उतरवून मूळ दगड मोकळा करण्यात आला. मुळशीच्या वाटेवरच्या कोथरूडमधला मस्तानीमहाल तर जागेवरून उचलून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा मांडला आहे. तिथे लाकूड तेच आहे, जागा ती नाही. आणि पाहणाऱ्याला ते सांगितलेले आहे, हे महत्त्वाचे.

सांगितलेले असणे हाच दुरुस्तीचा मुख्य धर्म ठरतो. टेबलाचे जुनेपण ही एका अर्थी साक्ष आहे, आणि साक्षीत भर घालायची असेल तर ती भर म्हणून ओळखू आली पाहिजे. इंग्लंडच्या जुन्या बाजारात एका टेबलाची फळी दुसऱ्याच्या पायांवर बसवून विकण्याची चाल आहे. व्यापारी त्याला ‘लग्न’ म्हणतात, आणि ग्राहकाला न सांगता ते लागले तर ती सरळ फसवणूक. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पलंग आणि आसनांच्या लाकडांवर एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात साग, शिसव, चंदन, देवदार यांची योग्यता, वीज पडून किंवा वाऱ्याने कोसळलेल्या झाडाचे लाकूड का घेऊ नये, कोणत्या दोन लाकडांची जोड शुभ आणि कोणती अशुभ, गाठी आणि पोकळ्यांचे प्रकार कोणते, हे सारे येते. त्यातली शुभाशुभ फळे आज कुणी मानो न मानो, लाकडांची सरमिसळ ही निष्पाप बाब नाही हे त्याला दिसले होते. ओकच्या पायाला सागाचा तुकडा जोडणे चुकीचे नाही. तो ओकसारखा रंगवून लपवणे चुकीचे आहे. दोन्हींचे फुगणे-आकसणेही वेगळे, त्यामुळे पाच-सहा पावसाळ्यांत सांधा स्वतःच सत्य सांगतो. चांगला कारागीर नवा तुकडा रंगाने जवळ आणतो, पण खालच्या बाजूला तो उघडा सोडतो, आणि काय बदलले याची चिठ्ठी फळीखाली चिकटवून ठेवतो.

साहित्याच्या निवडीत अहिंसेचाही प्रश्न येतो. जुन्या सांध्यांना सरस लावलेला असतो, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा उकळून केलेला डिंक. संवर्धकाला तो आवडतो, कारण ऊब आणि ओल दिली की तो सुटतो आणि पुढच्या पिढीला सांधा न मोडता उघडता येतो. आधुनिक रासायनिक गोंद शाकाहारी, पण एकदा बसला की लाकूड फाडल्याशिवाय निघत नाही. पॉलिशची लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांपासून येते, आणि ती एकोणिसाव्या शतकात भारतातूनच इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर जात असे. म्हणजे इंग्रजी टेबलाच्या चकाकीतही इथला किडा आहे. जैन श्रावकांना वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार येतो तो याच कारणाने. मेण लावावे तर ते मधमाशीचे. सर्वांत कठीण प्रसंग घुण्याचा: सकाळी टेबलाखाली पिठासारखा भुसा दिसला की आत अळी आहे. औषध टोचले की ती मरते. जैन आचार्य गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे प्रकार करतात, आणि संकल्पपूर्वक केलेली हिंसा गृहस्थालाही वर्ज्य असते. घुण्याला मारणे कशात मोडते यावर एकमत होणे कठीण. पण वस्तू कोरडी ठेवणे, वारा खेळता ठेवणे, पावसाळ्यात फळीखाली हात फिरवून पाहत राहणे यांत हिंसाही नाही आणि पैसेही नाहीत. घुण लागू न देणे हाच या बाबतीतला सर्वांत स्वस्त धर्म.

मग मालकीचा प्रश्न. जैनांचे तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूवर करत नाही, मूर्च्छेवर करते: ज्या आसक्तीने माणसाची शुद्ध हरपते ती परिग्रह. या मापाने एक टेबल बाळगणारा अपरिग्रही असू शकतो आणि टेबल नसणारा परिग्रही. कसोटी रोजच्या वापरात लागते. पाहुण्याने गरम चहाचा पेला थेट फळीवर ठेवला आणि पांढरे वलय उमटले, तर घरमालकाचे लक्ष पाहुण्याकडे राहते की वलयाकडे, एवढे पाहिले तरी पुरे. वलय निघते, मेण आणि थोडी मालिश बहुतेक वेळा पुरते. जे टेबल वापरायचे नाही, नुसते झाकून ठेवायचे आहे, ते संग्रहालयात शोभते. घरातल्या टेबलाला घरच्यांची झीजही सोसावी लागते, आणि ती त्याच्या इतिहासात भरच घालते.

मुळशीत मालकीचा विचार करताना एक जुनी गोष्ट टाळता येत नाही. ज्या तळ्याकाठी ही घरे आहेत ते तळे टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा आणि निळा यांच्या संगमावर बांधलेल्या धरणाने झाले. पन्नासच्या आसपास गावांची जमीन त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्याचे पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला आणि हरला. शेतकऱ्यांचा दावा साधा होता: आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसून, वापरून ही जमीन आमची केली आहे. जुन्या टेबलाच्या झिजलेल्या पट्ट्यांना जो मान दिला जातो तो नेमका याच तर्कावर. वापराने हक्क निर्माण होतो हे तत्त्व लाकडाला लागू करणाऱ्याने ते खाली बुडालेल्या घरांनाही लागू करून पाहावे. निदान तसे न केल्याचे कारण तरी आपल्याशी मांडावे.

शेवटी टेबल दुरुस्तीपलीकडे जाते तेव्हा काय करावे, याबद्दल शास्त्र मोकळे आहे. अग्निपुराणाचा अग्नीत देण्याचा नियम प्रतिष्ठित मूर्तीसाठी आहे. लौकिक वस्तूला तो लागू नाही, आणि तिचे लाकूड दुसरे काहीही होऊ शकते. इंग्लंडच्या ‘रेझोल्यूट’ या जहाजाचे ओक जहाज मोडल्यावर टेबल झाले, व्हिक्टोरिया राणीने ते १८८० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिले आणि आज ते व्हाइट हाउसमध्ये आहे. मुळशीतल्या टेबलाची चांगली राहिलेली फळी कापून देवघरातला पाट करता येतो. त्या वेळी मात्र स्मृतीने सांगितलेले तासणे योग्य ठरते: जपायचे टेबल आता उरलेले नाही, न्यायमताने जुना अवयवी संपला आहे आणि पाट हे नवे द्रव्य आहे. फळी रंधून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावी. फळीखालची दुरुस्तीची चिठ्ठी आधी काढून ठेवावी, ती पाटाची नाही.